यंत्राचे मौन : वेगमापक नळीतील हिमसंचय आणि एका अन्वेषण-अहवालाची तर्कदृष्टीने समीक्षा

१

विमान-अपघातांचे अन्वेषण-अहवाल अभियंत्यांनी वाचावेत, फार तर कायदेपंडितांनी वाचावेत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु अहवाल हाही एक ग्रंथच असतो. त्यात पुरावा मांडलेला असतो, पुराव्यावरून अनुमाने काढलेली असतात, आणि त्या अनुमानांना कमी-अधिक महत्त्व देऊन त्यांची एक मांडणी केलेली असते. ज्या लेखनात पुरावा, अनुमान आणि मांडणी आहे, त्या लेखनाची समीक्षा होऊ शकते. आणि ज्या लेखनावर पुढील प्रवाशांचे प्राण अवलंबून आहेत, त्याची तर व्हावयासच हवी.

प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतलेला अहवाल फ्रान्सच्या बी.ई.ए. या नागरी विमान-अपघात अन्वेषण संस्थेचा आहे. तो ५ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचा विषय आहे रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणाचा १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात झालेला अंत. विमान एअरबस ए-३३० जातीचे होते आणि त्यातील सर्वच्या सर्व २२८ व्यक्ती मृत्यू पावल्या. या घटनेविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन वैमानिकांच्या चुकीभोवती फिरते. वैमानिकांचे काय चुकले हा आमचा विषय नाही. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. वेगमापक नळीत बर्फ साचले आहे हे विमानाला 'कळले' होते काय. कळले असल्यास कशावरून कळले. आणि कळलेले त्याने कोणाला सांगितले? या तीन प्रश्नांच्या कसोटीवर हा अहवाल घासून पाहावयाचा आहे.

२

प्रथम यंत्राचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. वेग मोजण्याची ही नळी तिच्या जनकाच्या, म्हणजे आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. त्याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती योजली. तत्त्व अगदी साधे आहे. प्रवाहाकडे तोंड करून नळी धरली की तिच्या मुखाशी प्रवाह थांबतो व तेथील दाब वाढतो. या एकूण दाबातून भोवतालच्या हवेचा स्थिर दाब वजा केला म्हणजे जो फरक उरतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे विमान आपला वेग प्रत्यक्ष पाहात नाही. ते दोन दाब पाहते व त्यांवरून वेगाचे अनुमान करते.

आकडे घेऊन पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होईल. प्रमाणित वातावरणात ३५,००० फूट उंचीवर स्थिर दाब सुमारे २३८ हेक्टोपास्कल असतो. ध्वनिवेगाच्या ०.८२ पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या नळीमुखाशी एकूण दाब सुमारे ३७० भरतो. उरलेला १३२ चा फरक म्हणजेच दर्शकावरील सुमारे २७५ नॉट. वैमानिकाच्या पुढ्यातील तो आकडा असा एका वजाबाकीवर उभा आहे, आणि वजाबाकीतील एक राशी बिघडली तर उत्तर बिघडणारच.

नळीला पुढे मुख असते आणि आत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून मागे एक बारीक छिद्र असते. या दोहोंमुळे हिमसंचयाचे दोन परस्परविरुद्ध परिणाम संभवतात. मुख बुजले पण मागील छिद्र मोकळे राहिले, तर नळीतील दाब निघून जाऊन स्थिर दाबाशी येऊन मिळतो. फरक शून्याकडे जातो व दर्शक सांगतो की विमान जवळजवळ थांबले आहे. याउलट दोन्ही वाटा बुजल्या, तर जुना दाब आत कोंडून राहतो. आता विमान वर चढले की स्थिर दाब घटतो, फरक वाढतो, आणि वेग तसाच असताना दर्शक वाढता वेग दाखवू लागतो. वरील उदाहरणात ३५,००० वरून ३८,००० फुटांवर जाताना स्थिर दाब २३८ वरून सुमारे २०६ होतो. कोंडलेला ३७० चा दाब तसाच धरल्यास फरक १३२ वरून १६४ होतो, आणि दर्शकावर सुमारे ३० नॉटांची खोटी वाढ दिसते. एकच दोष दोन उलट असत्ये बोलतो. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील हेतू व्यभिचारी आहे. केवळ आकडा वाढला वा घटला एवढ्यावरून बर्फाचे अनुमान करता येत नाही.

या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण १ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यात घडले. नॉर्थवेस्ट कंपनीचे बोइंग ७२७ विमान केवळ तीन कर्मचाऱ्यांसह बफेलोकडे निघाले होते. नळीच्या तापकाची कळ उड्डाणापूर्वी चालू केली गेली नव्हती. चढताना दर्शकावरचा वेग वाढत गेला. तो आवरण्यासाठी वैमानिकांनी नाक वर केले. खरा वेग घटत गेला. शेवटी पंखांचे उत्थापन ढासळले, म्हणजे विमान ज्यास 'स्टॉल' म्हणतात त्या अवस्थेत गेले व कोसळले. पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे आपल्या अहवालाचा विषय.

३

नळीतील बर्फ 'ओळखणे' या एकाच शब्दाखाली तांत्रिक लेखनात निदान तीन भिन्न क्रिया एकत्र बांधल्या जातात. त्या वेगळ्या करणे हे समीक्षेचे पहिले काम होय.

पहिली क्रिया तापकावर लक्ष ठेवण्याची. नळीत विजेचा तापक असतो. त्यातून प्रवाह वाहतो की नाही हे मोजता येते. १९७४ च्या अपघातानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये मोठ्या विमानांसाठी असा नियम केला की तापक बंद असल्यास वा निकामी झाल्यास वैमानिकासमोर पिवळा दिवा लागावा. हा नियम आवश्यकच होता. परंतु हा दिवा बर्फाविषयी काहीच बोलत नाही. तो तापकाविषयी बोलतो. तापक चालू असूनही बर्फ साचू शकते, आणि २००९ मध्ये नेमके तेच झाले. शिवाय दिवा लागला तरी तो पाहून कृती करणारा माणूस लागतो. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी मॉस्कोजवळ सारातोव्ह एअरलाइन्सचे आंतोनोव्ह-१४८ विमान कोसळून ७१ माणसे दगावली. तेथे तीनही नळ्यांचे तापक बंद होते. एका विस्मरणाने तीन यंत्रे एकाच वेळी निकामी केली, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवावी; पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरी क्रिया प्रत्यक्ष बर्फावर लक्ष ठेवण्याची. यासाठी विमानाबाहेर एक बारीक सळई लावतात. ती सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावते. तिच्यावर बर्फ चढले की तिचे वस्तुमान वाढते व कंपसंख्या घटते. अतिशीत जलबिंदूंच्या ढगात, म्हणजे शून्याखालील तापमानातही द्रवरूपच राहिलेल्या व स्पर्श होताच गोठणाऱ्या पाण्यात, हे उपकरण उत्तम काम देते. परंतु उष्ण कटिबंधातील उत्तुंग वादळी ढगांच्या माथ्यावर उणे ४० अंशांच्या आसपास पाणी द्रवरूपात जवळजवळ नसतेच. तेथे असतात हिमस्फटिक. हे स्फटिक थंड पृष्ठभागावर आदळून उडून जातात, चिकटत नाहीत. पंखावर बर्फ नाही, सळईवर बर्फ नाही, हवामान-रडारवरही त्यांचे परावर्तन क्षीण. पण नळीचे मुख हे एक भोक आहे, आणि ते तापलेले आहे. आत शिरलेल्या स्फटिकांना वितळविण्याचे काम तापक करतो; त्यांची गर्दी तापकाच्या आवाक्याबाहेर गेली की ते आत साचतात, आणि गर्दी ओसरली की मिनिटभरात वितळून जातात. कोठेही बर्फ नसताना फक्त नळीत बर्फ असते. आणि तेही पुरावा म्हणून मागे उरत नाही.

तिसरी क्रिया परिणामावर लक्ष ठेवण्याची. बर्फ दिसत नाही; पण बर्फाने बिघडलेला वेग दिसतो. पर्वतावरील धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे तशी ही रीत आहे. ए-३३० मध्ये तीन नळ्या आहेत. संगणक त्यांनी दिलेल्या वेगांची परस्परांशी तुलना करतो व एखादी इतर दोहोंपासून दूर गेली तर तिला वगळतो. याखेरीज आणखी एक तपासणी आहे. मान्य केलेला वेग एका सेकंदात ३० नॉटांहून अधिक घसरला तर संगणक तीनही नळ्यांवरचा विश्वास काही काळ काढून घेतो. या दुसऱ्या तपासणीमागील तर्क फार सुंदर आहे. शेकडो टनांचे विमान एका सेकंदात इतके मंदावू शकत नाही; म्हणून मंदावले ते विमान नव्हे, मंदावली ती साक्ष.

४

आता अहवालाने दिलेला घटनाक्रम पाहावा. जागतिक प्रमाणवेळेनुसार २ वाजून ९ मिनिटे ४६ सेकंदांच्या सुमारास कक्षातील पार्श्वध्वनी एकाएकी बदलला. ध्वनिमुद्रणाच्या विश्लेषणात तो हिमस्फटिकांच्या आघाताचा ध्वनी म्हणून ओळखला गेला. त्यानंतर १९ सेकंदांनी, म्हणजे २ वाजून १० मिनिटे ५ सेकंदांनी, वेग कोसळले आणि स्वयंचालक सुटला. दर्शकावरचा वेग सुमारे २७५ नॉटांवरून ६० नॉटांच्या खाली गेला. उंची मोजण्याच्या गणितात वेगाची दुरुस्ती गुंतलेली असल्यामुळे उंचीही सुमारे ३०० फुटांनी कमी दिसू लागली. एका साक्षीदाराच्या असत्याने दुसरा, वस्तुतः निरोगी असलेला साक्षीदारही दूषित झाला. वैमानिकाने नाक वर केले. सुमारे मिनिटभरात नळ्या मोकळ्या होऊन वेग पुन्हा खरे झाले, पण तोपर्यंत विमान ३८,००० फुटांच्या सुमारास चढून स्टॉलमध्ये शिरले होते. २ वाजून १४ मिनिटे २८ सेकंदांनी सर्व संपले. आरंभापासून अंतापर्यंत ४ मिनिटे २३ सेकंद.

अहवालाचे श्रेय येथे मनापासून मान्य केले पाहिजे. उड्डाणनोंदीची यंत्रे सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळावरून २०११ च्या मे महिन्यात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी हाती आली. एवढ्या अवधीनंतरही अहवालाने बर्फाविषयी 'बहुधा' हा शब्द सोडला नाही. वेगांची विसंगती ही नोंदलेली वस्तुस्थिती आणि हिमस्फटिक हे तिचे संभाव्य कारण, असा भेद त्याने अखेरपर्यंत पाळला. नळीतील बर्फ कोणी पाहिले नव्हते व पाहता येण्याजोगेही नव्हते. तेव्हा हा संयम शास्त्रीय वृत्तीचाच द्योतक आहे. त्याच जातीच्या विमानांवर पूर्वी घडलेले असेच प्रसंग गोळा करून त्यांच्या प्रकाशात या प्रसंगाचा विचार करणे, हेही त्याचे दुसरे गुणवैशिष्ट्य.

५

आमचा आक्षेप मांडणीच्या अनुक्रमाविषयी आहे.

स्वयंचालक सुटला तेव्हा वैमानिकांसमोरील पडद्यावर काय आले? स्वयंचालक सुटला, नियंत्रणाचा नियम बदलला, इंजिनाचे स्वयंनियंत्रण गेले, अशी परिणामांची यादी आली. या परिणामांचे कारण, म्हणजे वेगांवरचा विश्वास संगणकाने काढून घेतला आहे ही गोष्ट, त्या क्षणी तेथे शब्दांत आली नाही. वायुमाहितीच्या संगणकांत विसंगती आहे अशी सूचना २ वाजून १२ व्या मिनिटास नोंदली गेली. तेव्हा स्टॉलमध्ये शिरलेले विमान वेगाने खाली येत होते.

पण संगणकाला कारण ठाऊक नव्हते असे नाही. विमानातून कंपनीच्या देखभाल-केंद्राकडे आपोआप जाणाऱ्या संदेशांची एक व्यवस्था असते. त्या रात्री २ वाजून १० ते २ वाजून १५ मिनिटे या अवधीत असे २४ संदेश निघाले. त्यांतील एकात पिटो नळीचे नाव स्पष्टपणे घेतलेले होते. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी, अशा जोड्या देऊन. वर वर्णिलेल्या तपासणीचा तो निष्कर्ष होता. यंत्राने अनुमान केले, अनुमान बरोबर होते, आणि ते शब्दांतही मांडले गेले. फक्त ते हजारो मैल दूर, पुढे केव्हातरी दुरुस्ती करणाऱ्यांच्या नावे पाठविले गेले. ज्यांचे हात सुकाणूवर होते त्यांस ते मिळाले नाही. विमान कोठे पडले हे कोणासही ठाऊक नसताना पिटो नळीचा संशय जगभर चर्चिला जाऊ लागला, तो याच संदेशांवरून.

अहवालास ही गोष्ट दिसली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संगणकांनी ओळखलेली वेगांची विसंगती कक्षात स्पष्टपणे दर्शविली गेली नाही, असे त्याने कारणांच्या यादीत नमूद केले आहे. विशिष्ट तपासणी कार्यान्वित झाल्यास वैमानिकांस स्वतंत्र सूचना देणे कितपत योग्य ठरेल याचा अभ्यास युरोपीय विमान-सुरक्षा संस्थेने करावा, अशी शिफारसही त्यात आहे. परंतु ही शिफारस अनेक शिफारशींच्या गर्दीत, आणि 'अभ्यास व्हावा' एवढ्या सौम्य स्वरात येते. अहवालाच्या स्वतःच्या पुराव्यानुसार ही गोष्ट यादीतील एक बाब नसून यादीतील पुढच्या कित्येक बाबींचे मूळ आहे. वैमानिकांनी योग्य कार्यपद्धती आठवली नाही, घडले ते काय याचे चित्र त्यांच्या मनात बांधले गेले नाही, या बाबी तिच्यानंतर येतात. कारणांची यादी करताना समान पातळीवर मांडलेल्या गोष्टी वाचकाच्या मनात समान वजनाने उतरतात. येथे ज्यावर इतर गोष्टी अवलंबून होत्या ती गोष्ट इतरांच्या रांगेत बसविली गेली.

यावर एक सबळ प्रतिवाद आहे व तो टाळता येणार नाही. ध्वनिमुद्रणानुसार पहिल्या काही सेकंदांतच, वेग गेले आहेत, अशा अर्थाचे उद्गार सहवैमानिकांनी काढले होते. मग संदेशाने अधिक काय सांगितले असते? याचे उत्तर दोन अंगांनी द्यावे लागते. वेग दिसेनासा झाला हे जाणणे एक, आणि वेग दाखविणारे यंत्र आंधळे झाले आहे, विमान पूर्ववत चालले आहे, हे जाणणे दुसरे. पहिल्या ज्ञानाने भय उत्पन्न होते. दुसऱ्याने कृती सुचते, आणि ती कृती म्हणजे नाकाचा कोन व इंजिनाची शक्ती ज्ञात मूल्यांवर धरून थांबणे. दुसरे असे की कर्णधार त्या वेळी विश्रांतीस गेला होता व स्वयंचालक सुटल्यानंतर सुमारे दीड मिनिटाने कक्षात आला. तोपर्यंत नळ्या मोकळ्या झाल्या होत्या. जे घडून गेले त्याची खूण दर्शकांवर उरली नव्हती; उरले होते ते त्याचे परिणाम. नव्याने आलेल्या माणसास आरंभ सांगणारे एक वाक्य पडद्यावर असणे, यास काही मोल होते की नाही, याचा निर्णय वाचकांनीच करावा. त्या वाक्याने २२८ प्राण वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास पुरावा नाही.

६

दुसरा विचार साक्षीदारांच्या संख्येविषयी. एक नळी फसवील म्हणून तीन बसविल्या. एका नळीच्या बिघाडाची शक्यता हजारात एक धरली तर तीनही एकदम बिघडण्याची शक्यता शंभर कोटींत एक, असे गणित मांडता येते. हे गणित खरे आहे ते त्या तीन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. परंतु त्या तीन नळ्या एकाच निर्मात्याच्या, एकाच नमुन्याच्या, एकाच शक्तीचा तापक असलेल्या, एकाच नाकाभोवती, एकाच ढगात होत्या. थेलीज कंपनीच्या त्या नमुन्याऐवजी नवा नमुना बसविण्याचे काम त्या विमान-कंपनीने अपघाताच्या आदल्या आठवड्यातच हाती घेतले होते. या विमानाची पाळी आली नव्हती. सारातोव्हच्या अपघातात एका विस्मरणाने जे केले तेच येथे एका ढगाने केले. एकाच शाळेत एकच चूक शिकलेले तीन विद्यार्थी एकसारखे उत्तर देतात, म्हणून ते उत्तर बरोबर ठरत नाही.

याहूनही बोलके उदाहरण त्याच अन्वेषण-संस्थेच्या दुसऱ्या एका अहवालात सापडते. २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पेर्पिन्यान्जवळ चाचणीसाठी नेलेले एअरबस ए-३२० विमान समुद्रात कोसळून सात जण मृत्यू पावले. तेथे वेगमापक नळी नव्हे, तर हवेचा प्रवाह पंखाशी करीत असलेला कोन मोजणारे संवेदक गोठले होते. विमान धुताना आत गेलेले पाणी त्यास कारण झाले. तीनांपैकी दोन संवेदक जवळजवळ एकाच कोनावर गोठले. त्यामुळे त्या दोघांची एकवाक्यता झाली, आणि जो तिसरा खरे बोलत होता तो अल्पमतात पडला. मंद वेगाच्या वेळी विमानास सावरणारी स्वयंसंरक्षणाची व्यवस्था कामी आली नाही. बहुमत हे सत्याचे लक्षण नव्हे, ही गोष्ट याहून कठोर रीतीने सांगता येणार नाही.

म्हणून हवे ते अधिक साक्षीदार नव्हेत, निराळ्या जातीचे साक्षीदार. पंखावरील उत्थापक बल हे हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि प्रवाहकोन यांवर अवलंबून असते. स्थिर उड्डाणात हे बल विमानाच्या वजनाइतके असते आणि वजन संगणकास ठाऊक असते. तेव्हा प्रवाहकोन मोजला की पिटो नळीस न विचारताही वेगाचे अनुमान करता येते. याच तत्त्वावरील वेगदर्शक पट्टी एअरबसवर ऐच्छिक सोय म्हणून २००९ पूर्वीच उपलब्ध होती, पण ती २५,००० फुटांखाली वापरण्यापुरती होती. बोइंग ७८७ मध्ये प्रवाहकोनावरून काढलेल्या वेगाचा उपयोग केलेला आढळतो. पेर्पिन्यानचे उदाहरण येथे सावधही करते. प्रवाहकोनाचा संवेदकही गोठू शकतो. परंतु तो गोठतो निराळ्या कारणाने व निराळ्या प्रसंगी. नळी आणि संवेदक एकाच वेळी, परस्परांशी जुळेल असे असत्य बोलण्याचा संभव फार थोडा. स्वातंत्र्य म्हणावयाचे ते हेच.

अपघातानंतर २००९ च्या ऑगस्टअखेर युरोपीय विमान-सुरक्षा संस्थेने दिलेल्या आदेशात तीनांपैकी निदान दोन नळ्या गुडरिच या अन्य निर्मात्याच्या असाव्यात असे ठरविले गेले. कारण अर्थातच त्या नळ्या अधिक टिकाव धरणाऱ्या मानल्या गेल्या हे होते. पण साक्षीदारांत थोडी विविधता आली हा त्याचा आनुषंगिक लाभ होय. पुढे अमेरिकेने २०१४ मध्ये नियम बदलून हिमस्फटिकांची परिस्थिती नळीच्या प्रमाणनात समाविष्ट केली. त्यापूर्वीचे नियम मुख्यतः अतिशीत जलबिंदू डोळ्यांपुढे ठेवून रचलेले होते. म्हणजे परीक्षेच्या अभ्यासक्रमात जो प्रश्न नव्हता तो प्रत्यक्ष आकाशाने विचारला.

७

शेवटचा मुद्दा मौनाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानाची चर्चा करताना एक अट घातली आहे. भूतलावर घट दिसत नाही, एवढ्यावरून घट नाही असे म्हणता येत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेडात न दिसणे हा अभावाचा पुरावा. अंधारात न दिसणे हा कशाचाच पुरावा नव्हे. पहिल्यास ते योग्य अनुपलब्धी म्हणतात. विमानातील प्रत्येक सूचक यंत्रास ही कसोटी लावून पाहावी. तापकाचा दिवा लागला नाही, म्हणून नळी मोकळी आहे काय? तो दिवा त्या बाबतीत अंधारात आहे. सळईने बर्फ कळविले नाही, म्हणून स्फटिक नाहीत काय? स्फटिकांपुढे सळई आंधळी आहे. तीनही वेग जुळतात, म्हणून ते खरे आहेत काय? एकाच ढगातील तीन एकसारख्या नळ्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

या तिन्हींहून दारुण उदाहरण अहवालातच आहे. नळ्या मोकळ्या झाल्यानंतर विमान इतक्या मोठ्या प्रवाहकोनाने, ४० अंशांच्याही वर, खाली येत होते की नळीत हवा नीट शिरेना व मोजलेला वेग ६० नॉटांखाली गेला. एवढ्या कमी वेगात प्रवाहकोनाचे मोजमाप विश्वसनीय नसते असे संगणकाच्या रचनेत गृहीत धरलेले होते. म्हणून ते मोजमाप अमान्य झाले आणि स्टॉलची सूचना बंद पडली. वैमानिकाने नाक थोडे खाली केले की वेग वाढे, मोजमाप पुन्हा मान्य होई आणि सूचना पुन्हा वाजू लागे. योग्य कृती केली की धोक्याची घंटा, अयोग्य कृती केली की शांतता. यंत्राला म्हणावयाचे होते, मला सांगता येत नाही. ऐकणाऱ्यास ते ऐकू येण्याचा संभव होता, सर्व ठीक आहे, असे. या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. पण दोन्हींचे बाह्य रूप एकच होते, आणि ते म्हणजे मौन. अत्यल्प वेगात सूचनेचे कार्य कसे असावे याचा पुनर्विचार व्हावा अशी शिफारस अहवालाने केली आहे, व ती उचितच आहे. पण स्टॉल-सूचनेचे हे मौन आणि पिटो नळीविषयीच्या संदेशाचे वैमानिकांपुरते मौन हे एकाच वृक्षाचे दोन फाटे आहेत. त्यांचे मूळ एकत्र शोधले असते तर अहवालाचे तात्त्विक मूल्य कितीतरी वाढले असते. दोन्हीकडे यंत्राने स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा स्वतःपाशीच ठेवली.

८

या समीक्षेतून निष्पन्न होणारी तत्त्वे थोडक्यात मांडता येतील. एक : नळीतील बर्फ ओळखणे हे प्रत्यक्ष नसून अनुमान आहे, तेव्हा त्याचे बळ हेतूंच्या संख्येवर नव्हे, त्यांच्या परस्परनिरपेक्षतेवर अवलंबून राहते. दोन : ज्या यंत्राचे न बोलणे हे अभावाचा पुरावा ठरू शकत नाही, त्याने आपली असमर्थता बोलून दाखविली पाहिजे. तीन : योग्य अनुमान अयोग्य व्यक्तीस कळविणे हे व्यवहारात अनुमान न करण्यासारखेच आहे. पहिले तत्त्व भौतिकीचे आहे व त्यावर पुष्कळ काम झाले आहे आणि होत आहे. दुसरे आणि तिसरे तत्त्व भाषेचे आहे. कोणी, कोणास, केव्हा, काय सांगावे याचे आहे. त्यांकडे अहवालाने लक्ष दिले, पण त्यांस केंद्रस्थान दिले नाही.

अभ्यासकांनी हा अहवाल मुळातून वाचावा अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पुरावा किती काटेकोरपणे मांडता येतो याचा तो वस्तुपाठ आहे. आणि उत्तम पुराव्यावर उभारलेल्या मांडणीतही अग्रक्रम कसा निसटू शकतो, याचाही. प्रयोगशाळेत आपण रोज ज्या उपकरणांवर विसंबतो त्यांपैकी किती उपकरणांचे मौन आपण होकार म्हणून स्वीकारतो, हा प्रश्न वाचकाने तो अहवाल मिटताना स्वतःस विचारला, तर वाचनाचे सार्थक झाले असे समजावे.